गुलाबाची बाग आणि आपला ठरलेला निबंध



'बागेतील एक तास' हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा तपासला असेल? मी तर मोजणं सोडून दिलंय. रंगीबेरंगी फुले, बागडणारी फुलपाखरे, थंडगार वारा, आणि शेवटी 'माझे मन प्रसन्न झाले'. वर्गातल्या चाळीस मुलांची मनं एकाच वाक्यात प्रसन्न होतात! यात मुलांचा काय दोष? नमुना आपणच फळ्यावर लिहून देतो आणि घरी आई-बाबा तो पाठ करून घेतात.

माझं मत असं आहे की, हा निबंध देण्याआधी मुलांना एका खऱ्या बागेची गोष्ट सांगावी. ती कोणी केली आणि का केली, हे सांगावं. मी यंदा आठवीला अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या गुलाबबागेची गोष्ट सांगितली.

पोर्टलंड हे ऑरेगन राज्यातलं शहर. तिथला हिवाळा पावसाचा, पण फार कडक नाही. उन्हाळा कोरडा, त्यामुळे गुलाबाला मानवणारा. १९०७ पासून तिथे गुलाबांचा उत्सव भरतो. आपल्याकडे पावसाळा संपला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात आणि थंडीत फुलं येतात. तिथे छाटणी फेब्रुवारीत आणि खरा बहर जूनमध्ये. म्हणजे आपल्या शाळा उघडतात तेव्हा!

आता मुख्य गोष्ट. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. गुलाबाच्या संकरित जाती तेव्हा मोठ्या प्रमाणावर युरोपात तयार होत. एक नवी जात काढायला कित्येक वर्षं जातात. बियांपासून ढीगभर रोपं करायची, त्यातलं एखादं निवडायचं आणि मग त्याचे डोळे भरून कलमं वाढवायची. अशी मोजकीच झाडं असलेल्या रोपवाटिकेवर बॉम्ब पडला, तर ती जात पुन्हा मिळणार नाही. ही काळजी लागली पोर्टलंडच्या जेसी करी यांना. ते काही शास्त्रज्ञ नव्हते. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकाचे संपादक आणि गुलाबाचे नादिष्ट, एवढंच. १९१५ मध्ये त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांकडे आग्रह धरला की, युरोपातल्या गुलाबांना आपल्याकडे सुरक्षित जागा द्या. १९१७ साली मंजुरी मिळाली आणि १९१८ च्या सुरुवातीला इंग्लंडमधून रोपं येऊ लागली. तिकडे लढाई चालूच होती.

इथे एका मुलाने विचारलं, "बाई, जहाजात त्यांना पाणी कोण घालायचं?" मला फार आवडला हा प्रश्न. थंडीत गुलाबाचं झाड झोपल्यासारखं असतं. तेव्हा ते उपटून, माती झटकून, मुळं फक्त ओलसर ठेवली तरी लांबचा प्रवास सोसतं. विज्ञानाचा अर्धा तास तिथेच झाला, निबंध बाजूलाच राहिला. राहू दे.

पुढे १९२१ मध्ये फ्लॉरेन्स होम्स गर्क यांच्याकडे बागेच्या आराखड्याचं काम आलं. डोंगरउतारावर टप्पे पाडून केलेल्या या बागेचा १९२४ च्या जूनमध्ये लोकार्पण सोहळा झाला. करी हे तिचे पहिले व्यवस्थापक, १९२७ साली वारले तोपर्यंत. आज सुमारे साडेचार एकरांत दहा हजारांच्या आसपास झाडं आहेत, सहाशेहून अधिक जातींची. हवा स्वच्छ असेल तर लांबवर बर्फाच्छादित माउंट हूड दिसतो. आणि प्रवेश मोफत!

बागेचं नाव 'इंटरनॅशनल रोझ टेस्ट गार्डन'. 'टेस्ट' म्हटल्यावर पोरं खदखदून हसली. गुलाबाचीसुद्धा टेस्ट! हो, नव्या जाती तिथे लावून पाहतात. रोगाला किती तोंड देते, फूल कसं, वास कसा, हे बघतात, आणि तेही एका दिवसात नाही. चांगल्या ठरलेल्या गुलाबाला शहरातर्फे सुवर्णपदक देण्याची पद्धत १९१९ पासून आहे. (आपण मात्र मुलाला तीन तासांच्या पेपरात जोखतो, पण तो विषय आज नको.)

काही सहकारी म्हणतील, परदेशातली बाग कशाला, आणि बागेच्या निबंधात युद्ध आलं तर विषयांतर होत नाही का? पहिली हरकत मला मान्य आहे. गावातल्या बागेची गोष्ट मिळाली तर ती आधी सांगा. नगरपालिकेत विचारा, जुन्या माणसांना विचारा. पण दुसरी हरकत मला पटत नाही. ती बाग युद्धामुळेच झाली, मग युद्ध विषयाबाहेरचं कसं?

हे मी आज म्हणते, पण गेल्या वर्षी मीच चुकले. एका मुलीने 'बागेतील एक तास' मध्ये फुलपाखरू आणलंच नव्हतं. बंद पडलेलं कारंजं, फाटका पाइप बोटाने दाबून धरून पाणी घालणारे माळीकाका आणि त्यांचे भेगाळलेले हात, असं सगळं तिने लिहिलं होतं. मी लाल शाईने 'विषय सोडून' असा शेरा मारला आणि तीन गुण कापले. पोर्टलंडची गोष्ट सांगून झाली त्या दिवशी तिची आठवण आली. तिला बोलावलं, जुनी वही मागवली, शेरा खोडला आणि तीन गुण परत दिले. ती आता नववीत आहे. वहीकडे बघून हसली आणि म्हणाली, "बाई, आता काय उपयोग?"