सोंगटीला धाप लागते काय ?

यंदा उन्हाळ्याच्या सुटींत आमचा नातू पुण्याहून किनवटास आला तो एक नवा खेळ बरोबर घेऊन. नवा आम्हांस, वस्तुतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालींच काढलेला आहे. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फांसे, नियमांचे जाड ग्रंथ, आणि भोंवतीं बसलेलीं चार-पांच मुलें. एकजण सूत्रधार होतो. बाकीचीं एकेका वीराचें किंवा मांत्रिकाचें सोंग घेऊन तो काय करतो तें तोंडानें सांगतात, आणि बेत साधला कीं फसला हें फांसा ठरवितो. सुशिक्षित घरांतून हा खेळ हळूहळू शिरत आहे, म्हणून त्यांतील एका उणिवेविषयीं वाचकांशीं बोलावेंसें वाटतें.

मुलें माजघरांत खेळत होतीं व आम्ही झोपाळ्यावरून ऐकत होतों. नातवाचा वीर अंगांत पोलादी चिलखत घालून राक्षसांवर तुटून पडला होता. या चिलखताचें वजन ग्रंथांत ६५ पौंड दिलें आहे, म्हणजे सुमारें साडेएकोणतीस किलो. एक फेरी सहा सेकंदांची. चाळीस फेऱ्या झाल्या, म्हणजे चार मिनिटें अखंड तरवार चालली, तरी पहिला घाव आणि शेवटचा घाव सारख्याच जोराचा !

“अरे, याला धाप कशी लागत नाहीं ?” आम्हीं विचारलें.

“आजोबा, नियमांत तसें नाहीं.”

माहूरास रेणुकेच्या पायऱ्या चढतांना ज्यानें दोनदां बसकण मारली, त्याचें हें उत्तर ! आम्हीं चष्मा लावून ग्रंथ पाहिला. मुलाचें म्हणणें खरें होतें. २०१४ च्या आवृत्तींत थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत व सहावीवर मृत्यु आहे. दिवसांत आठ तासांहून अधिक चाल केली, उपास पडला, तहान लागली, तर वीर त्या चढूं लागतो. परंतु नुसत्या लढण्यानें एकहि पायरी चढत नाहीं. जखमांचा हिशेब चोख आहे, श्वासाचा मुळींच नाहीं.

मुष्टियुद्धाची फेरी तीन मिनिटांची असते, आणि दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिट विसांवा असतो. आमच्या हुतुतूंत तर दम हाच नियम होता. महाभारतकारांसहि ही गोष्ट पुरी ठाऊक होती. द्रोणपर्वांत जयद्रथवधाच्या दिवशीं अर्जुनाचे घोडे बाणांनीं विद्ध व तहानेनें व्याकुळ होतात, तेव्हां श्रीकृष्ण भर रणांत ते सोडतो, अंगांतलीं शल्यें काढतो, पाणी पाजतो, लोळूं देतो. आणि तेवढा वेळ अर्जुन पायउतार होऊन शत्रूस एकटा थोपवून धरतो. त्याच रात्रीं दोन्ही सेना झोपेनें इतक्या बेजार होतात कीं अर्जुन चंद्रोदयापर्यंत सर्वांस रणांगणावरच निजण्यास सांगतो, व शत्रूहि तें मानतो. ज्या कवीनें अर्जुनास अक्षय्य भाते दिले, त्यानें घोड्यांचा दम मात्र मोजला.

आतां खेळ करणाऱ्यांचीहि अडचण आहे. घावागणिक दम वजा करीत बसलें तर खेळ बाजूला राहून वाण्याची खतावणी होते. १९८६ सालीं निघालेल्या ‘गर्प्स’ या खेळांत यावर तोड काढली आहे : लढाई दहा सेकंदांहून अधिक चालली तर ती संपल्यावर, अंगावरील ओझ्याच्या मानानें, थकव्याचे गुण एकदांच कापावयाचे. तोड बरी आहे; पण लढाई संपल्यावर आलेल्या थकव्याचा लढतांना काय उपयोग ?

सुश्रुतानें मापच देऊन ठेवलें आहे. व्यायाम अर्ध्या बळानें करावा, आणि हृदयांतील वायु तोंडाशीं आला म्हणजे अर्धें बळ सरलें असें समजावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, उन्हें तापण्यापूर्वीं, आम्हीं नातवाच्या पाठीवर दहा किलो तांदूळ बांधले, हातांत काठी दिली व अंगणांत टांगलेलें पोतें बडविण्यास सांगितलें. सोळा वर्षांचा क्रिकेट खेळणारा पोर. पहिलें मिनिट मजेंत गेलें. दुसऱ्यांत घाव विरळ झाले. तिसऱ्यांत काठीचें टोंक खालीं आलें आणि तोंड उघडलें. तेथेंच आम्हीं थांबविलें. सूनबाई तांदळांसाठीं रागावल्या, तो भाग वेगळा.

त्यावरून घरचा नियम ठरला : प्रत्येक वीरास ताकदीप्रमाणें कांहीं फेऱ्यांचा दम, चिलखत असेल तर निम्मा. दम सरला कीं एक तर अर्ध्या जोरानें लढावें, नाहीं तर दोन फेऱ्या मागें सरून सोबत्यास पुढें करावें.

रात्रीं नव्या नियमानें डाव मांडला. दम सरला तरी नातू मागें सरेना. बारा वर्षांची नात त्याची जागा घेण्यास तयार असून तिला त्यानें पुढें येऊं दिलें नाहीं, आणि तीन महिने जपलेला तो वीर मेला. “नियम तुम्हीच केलात,” एवढें आम्हांस म्हणून पोर न जेवतांच गच्चीवर गेला. आम्हांसहि त्या रात्रीं झोप नीट आली नाहीं.

सकाळीं तो नवा वीर लिहीत बसला होता. चिलखताचा रकाना कोराच होता. “आजोबा,” मान वर न करतां त्यानें विचारलें, “ते घोडे सोडले तेव्हां अर्जुनाजवळ दुसरें कोणी नव्हतें का हो ?”