थैलीला नाव हवे!

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. आज धार जिल्ह्यातील पिथमपूर कारखान्यांनी भरले आहे आणि देवासच्या सरकारी छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात. नोट कुठे छापली हे जगाला ठाऊक. निवडणुकीत ती कुणाच्या थैलीतून कुणाच्या पदरात पडली, हे मात्र मतदाराला कळत नाही. शेतकरी-मच्छीमार बांधवांनो, पाणी मुरते ते येथेच.

१९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, मागच्या दाराने आला. १९८५ साली बंदी उठली. पुढे उद्योगसमूहांनी निवडणूक न्यास काढले. टाटांचा १९९६ सालचा. अनेक कंपन्या एका न्यासात पैसा ओततात, न्यास तो पक्षांना वाटतो. देणाऱ्यांची यादी निघते, घेणाऱ्यांचीही निघते. पण कुणाचा रुपया कुणाच्या घरी गेला, ही गाठ सुटत नाही. २०१८ च्या निवडणूक रोख्यांनी तर देणाऱ्याचे नावच झाकले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. तोवर सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते.

खर्चाचेही तेच. २०२२ साली ठरलेली विधानसभा उमेदवाराची मर्यादा मध्य प्रदेशात ४० लाख, गोव्यात २८ लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. खिडकीला गज आणि दार सताड उघडे! शिवाय देणगीवर कंपनीला आयकरात वजावटीची सोय. म्हणजे थैली त्यांची, झळ सरकारी तिजोरीला.

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा न्यायालयीन आदेशाने जाळण्यासाठी पिथमपुरात आणला. आपले गाऱ्हाणे कानी घालण्यासाठी तेथील रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले. थैलीवाल्यावर अशी वेळ सहसा येत नाही.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही जगाची रीत. मग पोळी कुणाची, हे मतदानापूर्वी कळायलाच हवे. आज पक्षांचा हिशेब वर्षाकाठी येतो; तोवर मते पडून गेलेली असतात. दर देणगीचे नाव, रक्कम आणि पक्ष आठवड्याच्या आत जाहीर व्हावा. मत मागायला दारी येणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा: तुमचा पक्ष कुणाच्या पैशावर चालतो? उत्तर देताना जो चाचरतो, तो उद्या तुमच्या शेतासाठी आणि किनाऱ्यासाठी तोंड उघडणार नाही.