वीतभर अंतर आणि कोसभर तर्क

हंट्सव्हिलच्या आमच्या मराठी गोतावळ्यात मासेमारीचा नाद लागलेले आम्ही चार-पाच जण. त्यांतल्या एका सद्गृहस्थांनी परवा गंटर्सव्हिल तलावाच्या रॅम्पवर, बोट ट्रेलरवर चढवता चढवता, एक सिद्धांत मांडला. तो ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना, म्हणून हा खटाटोप.

सिद्धांत असा: बास बोटीने ताशी तीस मैलांचा वेग ओलांडला की सोनारवरचा खोलीचा आकडा जातो, कारण आवाज तळाला आपटून परत येईपर्यंत बोट पुढे निसटलेली असते. स्वस्त यंत्राला हा वेग झेपत नाही. सबब जास्त वॅटचं, मोठ्या पडद्याचं यंत्र घ्यावं. तेवढ्याने भागलं नाही तर सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवावी. तरीही नाहीच जमलं, तर पळत्या बोटीत खोली हवीच कशाला? थोडक्यात, आधी खिसा, मग बटण, शेवटी वैराग्य.

आता हिशोब. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पाणी २० फूट खोल धरा. आमच्या कोकणातल्या मापाने तीन वाव आणि वर थोडं. जाऊन-येऊन ४० फूट, म्हणजे १२ मीटर. एवढ्याला आवाजाला लागतो सेकंदाचा साधारण सव्वाशेवा भाग. ताशी ६० मैलांनी पळणारी बोट तेवढ्यात किती सरकेल? २२ सेंटीमीटर. हाताची बोटं पसरा, एक वीत. आणि ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे आवाज सोडून परत टिपणाऱ्या भागाचा, झोत २० अंशांचा असेल, तर तळावर तो सात फुटांचं वर्तुळ व्यापतो. सात फुटांच्या वर्तुळात वीतभर सरकलेल्या बोटीला प्रतिध्वनी सापडत नाही, असं म्हणणं म्हणजे अंगणात एक पाऊल टाकल्यावर घराचा पत्ता हरवल्यासारखं आहे.

बरं, हा सिद्धांत खरा असता तर आकडा आधी खोल पाण्यात जायला हवा होता आणि उथळात टिकायला हवा होता. सहा फुटांत आवाजाला जाऊन यायला वेळच किती लागतो? पण सद्गृहस्थांच्या बोटीत तो सहा फुटांतही जातो. हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिथे यंत्र गोंधळतं." साठ फुटांत आवाज उशिरा येतो म्हणून यंत्र गोंधळतं आणि सहा फुटांत लवकर येतो म्हणूनही गोंधळतं! असं सर्वत्र लागू पडणारं कारण फक्त ज्योतिषात चालतं.

याच गृहस्थांनी पूर्वी, बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं ठासून सांगितलं होतं. आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाची बॅटरी खालच्या जमिनीकडे ढुंकून पाहत नाही, हे मी दोन बॅटऱ्या हिवाळाभर गॅरेजात ठेवून दाखवलं. एक फळीवर, एक फरशीवर. वसंतात दोन्ही सारख्याच उतरल्या. त्यावर उत्तर आलं की माझ्या गॅरेजातलं सिमेंट चांगलं नसावं.

असो. मागल्या वर्षी त्यांनी यंत्र बदललं. सात इंचांचा पडदा बारा इंचांचा झाला. ट्रान्सड्यूसर मात्र त्याच जुन्या ब्रॅकेटवर, त्याच भोकांत. आकडा पूर्वी ज्या वेगाला जायचा त्याच वेगाला अजूनही जातो. आता मोठ्या अक्षरांत जातो.

परवा मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होतो. चौतीस मैलांना पडद्यावरचा १८.२ लुकलुकू लागला. ते निर्धास्त. "अठरा फूट आहे," म्हणाले. बोट नदीच्या मूळ पात्रावरून गवताच्या पठारावर आली, तरी पडद्यावर १८.२च. त्यांनी थ्रॉटल सोडला, बोट पाण्यात बसली, मागचा फेस विरला आणि आकडा उमटला: ५.९. त्यांच्या यंत्रात लुकलुकणारा आकडा म्हणजे तळ हरवण्याआधीची शेवटची आठवण, आणि हे गृहस्थ त्या आठवणीवर सुकाणू धरून बसले होते.

मग आकडा जातो कशाने? हवेने. वेगात बोटीखालचं पाणी फेसाळतं. बोटीच्या तळावरच्या कडा, ॲल्युमिनियमच्या बोटीतले रिव्हेट, खुद्द ब्रॅकेटचा कोपरा, सगळे बुडबुड्यांची माळ सोडतात आणि ती नेमकी ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून जाते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. सोनारला मासा दिसतो तोही मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. आपल्याकडे घोळ माशाच्या ज्या पिशवीला व्यापारी सोन्याचा भाव देतात, तीच. म्हणजे यंत्र ठार आंधळं झालेलं नसतं. नाकासमोरची हवा त्याला इतकी स्वच्छ दिसते की पलीकडचा तळ दिसत नाही. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी चढवणं म्हणजे धुक्यात गाडीचा हेडलाइट अपर करणं. जास्त वॅटचंही तेच.

इंजिनच्या विजेचा त्रास असेल, ही शंका रास्त. उभ्या बोटीत न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करून पाहा, आकडा टिकला तर वीज निर्दोष. वेगात खोली कशाला, या वैराग्याला एवढंच मान्य करतो की मागच्या फळीवरचं यंत्र आधीच ओलांडलेलं पाणी सांगतं आणि नकाशा पुढचं. १९३९ साली धरण बांधून झालेल्या या तलावाची पातळी ऋतूंनुसार जेमतेम दोन फूट हलते, त्यामुळे इथे नकाशा बराच विश्वासाचा. पण बुडालेला ओंडका नकाशात नसतो, आणि तळ वर येत चालला आहे हे मला जिवंत आकड्यानेच कळतं.

उपाय सांगायला फार शब्द लागत नाहीत. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून फूट-दीड फूट दूर, तळावरच्या कडांच्या रेषेत येणार नाही असा लावा. तोंड तळाच्या पातळीच्या किंचित खाली, मागची बाजू जराशी झुकलेली. बोट फायबरग्लासची असेल आणि साधी खोलीच हवी असेल, तर दुसरा ट्रान्सड्यूसर आतून, भरीव जागी, बुडबुडा न ठेवता इपॉक्सीने चिकटवा. चिकटवण्याआधी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी तळाशी टेकवून, तिच्यावर तो धरून एक फेरी मारा. आकडा टिकला तर जागा बरोबर. थोडी शक्ती कवचात जिरते, बाजूचं चित्र मिळत नाही, पण आकडा मिळतो.

माझ्या बोटीत मी हेच केलं. आकडा आता अठ्ठावन्न मैलांपर्यंत टिकतो. त्यापुढे बोट इतकी उचलली जाते की आतून चिकटवलेल्या जागेखालीसुद्धा पाणी राहत नाही. हे मी सद्गृहस्थांना कबूल केलं, आणि तिथेच चुकलो. "बघा," ते म्हणाले, "अठ्ठावन्नला आवाज मागे पडला ना?"