आधी सण, मागून उपास

धर्म निराळा आणि व्यवहार निराळा, हे वाक्य आपल्या सुशिक्षित समाजात इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणासही वाटत नाही. प्रार्थनास्थळी हात जोडावे, घरी येऊन जमाखर्च पहावा, आणि या दोहोंची गाठ पडू देऊ नये, असा जणू सभ्यपणाचा संकेतच होऊन बसला आहे. हा संकेत खोटा आहे आणि गृहस्थाला बुडविणारा आहे, असे आमचे म्हणणे आहे. उदाहरणादाखल आम्ही अंधेरी, मरोळ, कुर्ला, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती समाज घेतो. मराठी बोली बोलणारे ईस्ट इंडियन, गोव्याहून आलेले कोकणी, मंगळूरकर, असे अनेक प्रवाह त्यात मिसळले आहेत. परंतु धर्मसंस्थेच्या ज्या वार्षिक कालचक्राने ते बांधले गेले ते एकच आहे. त्या चक्राचा अर्धा भाग पुष्कळ घरांनी उराशी धरला आणि अर्धा टाकून दिला. घरात कर्ज शिरते ते या फटीतून.

पैशाचा विषय धर्मात कशाला, असे विचारणाऱ्यांनी शुभवर्तमान एकदा उघडून पहावे. तेथे हिशेब देणारा कारभारी आहे, धन जमिनीत पुरून ठेवणारा चाकर आहे, स्वतःचे ऋण माफ होताच दुसऱ्याचा गळा धरणारा कृतघ्न आहे, दोन दमड्या टाकणारी विधवा आहे, आणि बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणारा शहाणा गृहस्थही आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी योजलेला शब्दच मुळी ऋण हा आहे. पुढे इंग्लंडात तर पंचांग आणि खातेवही शतकानुशतके एकाच दोऱ्याने शिवलेली होती. मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा २५ मार्च, योहान बाप्तिस्त्याच्या जन्माचा २४ जून, मिखाएल देवदूताचा २९ सप्टेंबर आणि नाताळ, या चार दिवशी तेथे जमिनीचा खंड चुकता होई व नोकरांचे करार होत. १७५१ सालापर्यंत तेथील कायदेशीर वर्षही २५ मार्चलाच सुरू होई. आजही त्या देशाचे आयकराचे वर्ष ६ एप्रिलपासून मोजतात, तो पंचांग बदलताना पुढे सरकलेल्या त्याच सणाचा अवशेष होय. आपला व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतो, त्याला तरी यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता या कालचक्राची रचना पहा. नाताळापूर्वी चार रविवारांचा आगमनकाळ येतो; ईस्टरपूर्वी राखेच्या बुधवारापासून, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. दोन्हींचा रंग जांभळा, दोन्हींचा स्वभाव आवरते घेण्याचा. पश्चिम युरोपात कित्येक शतके आगमनकाळही उपासाचाच असे, आणि काही ठिकाणी तो ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासूनच धरीत. उपवासकाळात लग्ने लावीत नसत. म्हणून विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणणारी ईस्ट इंडियनांची लग्नघरे एकतर नाताळानंतर गजबजत किंवा ईस्टरनंतर. याचा अर्थ उघड आहे. प्रत्येक मोठ्या खर्चापूर्वी काटकसरीचा एक काळ नेमून दिलेला होता. ज्याने आधी राखले त्यानेच मागून उधळावे, असा हा क्रम होता. आणि उधळण्यास तेथे पूर्ण मुभा होती, हेही विसरता कामा नये.

हा क्रम आज उलटला आहे. आगमनकाळाचे चार आठवडे म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या मॉलांतील सवलतींचे चार आठवडे. नवे कपडे, नवा दूरदर्शनसंच, बाळाच्या बाप्तिस्म्याची मेजवानी, मुलीच्या लग्नाचा हॉल, सारे काही आधी पदरात पडते आणि त्याचे पैसे मागून हप्त्याहप्त्याने जातात. म्हणजे उपास काही चुकत नाही. तो केवळ सणाच्या अलीकडचा पलीकडे जातो. चाळीस दिवसांचा होता तो चोवीस महिन्यांचा होतो. आणि देवाच्या नावाने व्हावयाचा तो वित्तसंस्थेच्या नावाने होतो. पूर्वीच्या उपासाला ईस्टरची पहाट होती. हप्त्यांच्या उपासाचा शेवटचा दिवस उगवण्यापूर्वीच पुढचा नाताळ येऊन दारात उभा राहतो.

आकडे पहावयाचे असल्यास तेही पहा. क्रेडिट कार्डाची बाकी थकविली तर दरमहा तीन टक्के, कोठे त्याहूनही अधिक, व्याज पडते. तीन टक्के हा शब्द ऐकावयास किती सौम्य! परंतु व्याजावर व्याज चढत बारा महिन्यांत तोच आकडा बेचाळीस टक्क्यांवर जातो. लाखाचे कर्ज न फेडता ठेवले तर वर्षअखेर एक लाख बेचाळीस हजारांहून अधिक देणे होते. ११७९ साली रोमच्या लाटरन येथील धर्मपरिषदेने उघड सावकारी करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. तो नियम आज कोणी लावावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या धर्माने व्याजाविषयी इतका कडकपणा दाखविला, त्याच्या सर्वांत पवित्र सणाचे पक्वान्न व्याजाच्या पैशांत शिजावे, हा विरोध एकाही भाविकाला टोचू नये काय?

यावर एक आक्षेप हमखास येईल. गरिबाच्या आयुष्यात आनंदाचे दिवस ते किती. त्यांवरही तुम्ही हिशेबाची सावली पाडता काय? या आक्षेपात कणव आहे, म्हणून त्याचे उत्तर आदराने दिले पाहिजे. सण आम्हांला नको असता तर हा लेखप्रपंच केलाच नसता. गरिबाचा सण महाग कोणी केला, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या इमारतीत जेवढा थाट झाला तेवढा आपल्याकडे न झाल्यास लाज वाटावी, हे वळण सुस्थितीतील घरांनी लावले. आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी ते कर्ज काढून गिरविले. तेव्हा संयमाचे पहिले कर्तव्य श्रीमंताचे आहे. त्याने आपल्या घरचे लग्न साधेपणाने केले तर वाडीतल्या दहा घरांचे कर्ज टळेल.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. उपासात वाचलेला पैसा साठविणे म्हणजे धर्माच्या आडून कृपणपणा शिकविणे नव्हे काय? नुसता साठविला तर तसेच म्हणावे लागेल. पाचव्या शतकातील पोप थोर लिओ यांनी उपवासकाळातील प्रवचनांत हाच मुद्दा मांडला होता: आपल्या पानातून जे कमी केले ते उपाशी माणसाच्या पानात पडले पाहिजे. प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत ती याचसाठी. वाचलेल्या पैशाचा पहिला वाटा दुसऱ्याचा, दुसरा येणाऱ्या सणाचा आणि तिसरा आजारपण-म्हातारपणाचा, अशी वाटणी जेथे होते तेथे कृपणता शिरत नाही.

हा पहिल्या वाट्याचा धडा उपनगरांतील ख्रिस्ती शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यावयाचा, ही त्याची रीत होती व आहे. घरी नवा तांदूळ शिजण्यापूर्वी देवाचा वाटा निघे. आज ती शेते कोठे आहेत? अंधेरीस १९७३ साली वसलेल्या सीप्झ या निर्यातक्षेत्राच्या कुंपणात, १५७९ साली जेजुइटांनी बांधलेले संत योहान बाप्तिस्त्याचे चर्च भग्नावस्थेत उभे आहे; १८४० च्या सुमारास साथीमुळे ते सोडून गावकरी मरोळास गेले, आणि भोवतालच्या भूमीवर आता कारखाने व कचेऱ्या आहेत. ज्या गावठाणात शेत उरले नाही तेथे आगेऱ्याची लोंबी बाहेरूनच आणावयाची. पीक महिन्याच्या पगाराचे झाले, हे ठीकच आहे. काळ कोणासाठी थांबत नाही. परंतु त्या पगाराचे पहिले फळ आज कोण खुडतो? पहिल्या तारखेस, मालकाने पाहण्यापूर्वीच, हप्ता वसूल करणारा खुडतो. आगेऱ्याचा याहून मोठा उपहास कोणता असू शकेल?

उपाय नवा शोधावयाचा नाही. पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन साधूंनी सावकाराच्या जाचातून गरिबांस सोडविण्यासाठी अल्प व्याजाच्या तारणपेढ्या काढल्या; बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत चर्च थाटणारे पुढच्या शतकातील पाद्री त्याच पंथाचे होते. आणि उपनगरांच्या उत्तरेस, खाडीपलीकडच्या वसईत, मॉन्सेन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी १९१८ साली सहकारी पतपेढी स्थापिली, तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. धर्मगुरूने पतपेढी काढणे त्या पिढीस अधर्म वाटले नाही. आजच्या धर्मगुरूंनी प्रवचनात व्याजाचा दर सांगितला तर तो तरी का वाटावा?

येथे धर्मसंस्थेलाही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. रोषणाई, बँड आणि आतषबाजी यांत प्रत्येक चर्च शेजारच्या चर्चशी स्पर्धा करू लागले, तर घराघरांना काटकसर सांगण्याचा अधिकार व्यासपीठाला उरत नाही. जमा किती, खर्च किती, आणि त्यांतील गरिबांच्या वाट्यास किती आले, हे दरसाल सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. मग उपदेशास वजन येईल.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. म्हणून उपवासकाळ आणि सरकारी हिशेबी वर्षाची अखेर नेहमीच शेजारी शेजारी असतात. २०२४ साली तर ईस्टर नेमका ३१ मार्चलाच पडला. या योगाचा फायदा घ्यावा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आल्यावर त्याच संध्याकाळी नवराबायकोने, मोठ्या मुलांस जवळ बसवून, देणी आणि येणी एका कागदावर मांडावी. चाळीस दिवसांत काय वाचविता येईल ते ठरवावे. आणि येत्या नाताळाची पुंजी ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून टाकू लागावी. चातुर्मास विसरून दिवाळी हप्त्यांवर साजरी करणाऱ्या हिंदू घरांनीही हे वाचताना शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये; क्रम त्यांनीही उलटाच केला आहे. तो सुलटा करण्यास नवा कायदा नको, नवी बँकही नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले सणांचे दिवस जितक्या आवडीने पाहतो, तितक्याच आवडीने त्यांच्या आधीचे दिवसही पाहू लागावे, म्हणजे पुरे.