'येवा' असे कोण म्हणणार?

जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी पूर्वी परिचारिका होते. तिथले कॅन्टीन मध्यंतरी नव्याने केले. तेलकट भिंती, लोखंडी बाक आणि टपकणारा नळ गेला. मोठ्या खिडक्या, स्वच्छ टेबल-खुर्च्या आल्या, फळ्यावर रोजचा बेत लिहू लागले. दारावर पाटी लागली, 'स्टाफ रेस्टॉरंट'. जुन्या मैत्रिणींनी हौसेने जेवायला बोलावले. जेवण चांगले होते.

बाहेर पडले तर मागच्या बाजूला, जैववैद्यकीय कचऱ्याच्या खोलीपासून दहा पावलांवर, ठेक्यावरच्या चार सफाई कामगार भगिनी जमिनीवर डबे उघडून बसल्या होत्या. चौघींतल्या तिघी आपल्याच समाजाच्या. विचारले, "आत का नाही बसत?" एक हसून म्हणाली, "सिस्टर, 'नको' असा कोण म्हणाक नाय, पण 'येवा' असाय कोण म्हणाक नाय."

पर्यटकाला आपण 'येवा, कोकण आपलोच आसा' म्हणतो. त्याच कोकणात रुग्णालय झाडून-पुसून स्वच्छ ठेवणारीला जेवायच्या टेबलावर कोणी 'येवा' म्हणत नाही.

कॅन्टीन सुंदर करण्याला माझा विरोध नाही. चहा-बिस्किटावर रात्रपाळी काढणे, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, हे मी वर्षानुवर्षे केले आहे. त्यातून पित्त, लघवीचा जंतुसंसर्ग, अनियमित रक्तशर्करा अशी दुखणी मागे लागतात. शांत बसून, गरम, वेळेवर दोन घास मिळणे ही चैन नाही, ते आरोग्य आहे. मग ते सर्वात जास्त कोणाला हवे?

पिवळ्या-लाल पिशव्या उचलणाऱ्या हातांना. त्या हातांना जेवणापूर्वी साबणाने चाळीस ते साठ सेकंद धुण्याची सोय हवी, कामाचा अॅप्रन काढून ठेवायला जागा हवी. कचऱ्याच्या खोलीजवळ बसून खाणे म्हणजे जंतूंना आपण होऊन आमंत्रण. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. डब्यात सुका भात आणि त्यावर लगेच चहा, अशाने अन्नातले लोहही अंगी लागत नाही. कॅन्टीनमध्ये नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पालेभाजीवर लिंबाची फोड, आठवड्यातून दोनदा बांगड्याचे तिखले परवडणाऱ्या दरात मिळाले, तर अंगी लोह लागायला मदत होईल.

"ठेकेदाराची माणसे, आमचा संबंध नाही," असे उत्तर मिळते. ते खरे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कॅन्टीनसाठी २५० हून अधिक कामगारांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये ही संख्या १०० वर आली, आणि त्या शंभरात ठेक्यावरचे कामगारही मोजायचे आहेत. ठेका कामगारांना या सोयी देण्याची जबाबदारी ठेकेदारावर नाही, मूळ मालकावर आहे. सरकारी कार्यालयांतल्या ठेका कामगारांनाही ही संहिता लागू आहे.

आपल्याकडचे अनेक काजू कारखाने मात्र शंभराच्या आतले. काजूच्या टरफलातले तेल बायकांचे हात पोळते, आणि त्याच हातांनी त्या जेवतात. तिथे कायद्याची वाट न पाहता निदान नळ, साबण आणि सावलीतले टेबल मागायला हवे.

१९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी सांगितले होते की केवळ सहभोजनाने जात मरत नाही. म्हणून आपण कोणाच्या कृपेचे सहभोजन मागत नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेलांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचाही उल्लेख आहे. जिथे माणसे जेवतात, तिथे भेदाला जागा नाही, हे तिथे लिहून ठेवले आहे. कामाच्या ठिकाणच्या जेवणाच्या दारातही तोच न्याय हवा.

आणि स्वयंपाकघरात कोण? गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांना खानावळवाल्या बायकांनी पोसले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोच धडा इथे घ्यावा. कॅन्टीनचे काम सर्वात कमी बोली लावणाऱ्या बाहेरच्या ठेकेदाराला न देता स्थानिक बचत गटांना द्या, आणि त्यात आपल्या भगिनी भाजी निवडायला नको, चुलीपाशी हव्यात. त्यांच्या हातची भाकरी सगळे खातात का, ही त्या सुंदर रेस्टॉरंटची खरी परीक्षा.

मागण्या साध्या आहेत. कॅन्टीन समितीत सफाई कामगारांचा प्रतिनिधी. सर्वांना एकच दर, एकच ताट, एकच पाण्याचे भांडे. दाराबाहेर बेसिन आणि साबण. जेवणाची सुट्टी सर्वांना पूर्ण अर्धा तास. रात्रपाळीला गरम जेवण. रंगरंगोटीच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

रस्ते झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी लांबून आशीर्वाद दिला नाही, संघात घेतले, शेजारी बसवले. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एवढेच विचारा, आपल्यापैकी कोण कामावर कुठे बसून जेवते? उत्तरे लिहून काढा, त्यावर सह्या घ्या आणि अर्ज घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत जा. एकटीने जाऊ नका, पाचजणी जा. आणि तुमच्यापैकी जी आज आत बसून जेवते, तिने उद्या मागच्या दाराशी जाऊन आपल्या भगिनीला म्हणावे, "येवा."

जय भीम!