चाळ कधी दुरुस्त करायची, हे एकट्या मालकाने का ठरवावे?

मागच्या पावसाळ्यात आम्ही परळ-शिवडी पट्ट्यातल्या एका खासगी मालकाच्या चाळीत बैठकीला गेलो होतो. तळमजला अधिक तीन मजले, चाळीस खोल्या, बहुसंख्य कुटुंबे बौद्ध. बैठक तळमजल्यावरच्या विहारात होती. बुद्धमूर्तीच्या मागची भिंत ओलीने काळी पडलेली, जिन्याला लाकडी टेकू लावलेले. विषय एकच होता. इमारत धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस आली आहे, आता काय करायचे? तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी आम्हाला विचारले, "पोरांनो, बारा वर्षं आमची गॅलरी गळतेय. तेव्हा कोणी बैठक लावली नाही. आता घर सोडायची पाळी आली तेव्हाच कसे जमलात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. कारण आजींचे म्हणणे खरे होते. आपली चळवळ नोटीस आल्यावर जागी होते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, नेते येऊन फोटो काढून जातात. पण तोवर निर्णयाची वेळ निघून गेलेली असते आणि निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो.

भाड्याची इमारत कधी दुरुस्त करायची हा इंजिनिअरचा प्रश्न आहे, असे आपल्याला वाटते. आमचे मत वेगळे आहे. हा सत्तेचा प्रश्न आहे. दुरुस्तीची वेळ ज्याच्या हातात, त्याच्याच हातात त्या घरात कोण राहणार याचा निर्णय असतो.

महापालिकेची वर्गवारी पाहा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात जाते. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-2बी म्हणजे लोक राहत असतानाच करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-2ए म्हणजे इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. इमारत एका रात्रीत सी-1 होत नाही. आधी गच्चीतून पाणी झिरपते, मग प्लास्टरचे पोपडे पडतात, मग गंजलेल्या सळया फुगून काँक्रीट फोडतात. या प्रवासाला वर्षे लागतात. मालक ती वर्षे शांतपणे जाऊ देतो. सी-2बी मध्ये त्याला खर्च आहे आणि भाडेकरू जागेवरच राहतात. सी-1 मध्ये भाडेकरू पोलिस बंदोबस्तात बाहेर जातात आणि मोकळी जमीन उरते. त्याला काही करावेच लागत नाही, फक्त थांबावे लागते.

इथे मालकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर आपला युक्तिवाद लंगडा राहील. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान की त्या वाढीला अर्थ उरत नाही. आम्ही गेलो त्या चाळीत खोलीचे भाडे सरासरी 150 रुपये आहे. चाळीस खोल्यांचे महिन्याला 6,000 आणि वर्षाला 72,000 रुपये. एवढ्यात जिनासुद्धा नवा होत नाही. हे खरे आहे. पण याच खोल्यांच्या हस्तांतरणात मालक पागडीचा हिस्सा घेतो आणि जमिनीचा भाव त्याच्याच नावावर वाढत जातो, हेही तितकेच खरे आहे. गोठलेले भाडे हे गॅलरी कोसळू देण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

कायदा काय सांगतो? 1999 च्या कायद्याच्या कलम 14 नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. वरचाच हिशेब धरा. 72,000 चा चौथा हिस्सा 18,000 रुपये. हक्क कागदावर आहे, पण त्या हक्कात एका मजल्याची गॅलरीही बसत नाही. तरीही ही नोटीस द्यायलाच हवी. उद्या मालक "भाडेकरूंनी कधी तक्रारच केली नाही" असे म्हणतो, तेव्हा तोच कागद बोलतो.

शहर भागात 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. अशा इमारती मुळात 19,642 होत्या. आपण उपकर भरतो, म्हणजे दुरुस्ती मागणे ही भीक नाही. पण कुर्ला, घाटकोपर, चेंबूरच्या भाड्याच्या चाळींना हे मंडळ नाही. तिथे भाडेकरूंची एकजूट हेच मंडळ.

आता आपल्या तरुणांचा आक्षेप. "दुरुस्ती कशाला? टॉवर येणारच आहे. बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांचे 500 झाले." बरोबर आहे, आणि तो विजय भाडेकरूंच्या संघर्षाचा आहे. पण ते उदाहरण पूर्ण वाचा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, 1920 च्या दशकात बांधलेल्या. पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या 2025 मध्ये. जमीन बंदर प्राधिकरणाची म्हणून शिवडी मागेच राहिली. शिवाय तिथे मालक सरकार होते. खासगी चाळीला 33(7) खाली 51 टक्के संमती आणि किमान 300 चौरस फूट मिळते, पण बिल्डर मध्येच पळाला तर संक्रमण शिबिरात एक पिढी संपते. टॉवर येईपर्यंतची दहा-पंधरा वर्षे याच स्लॅबखाली काढायची आहेत. आणि दुरुस्ती केल्याने पुनर्विकासातला हक्क जात नाही. तो हक्क तुम्ही भाडेकरू असण्यावर ठरतो, भिंतीच्या भेगेवर नाही. "दुरुस्ती केली तर बिल्डर येणार नाही" ही अफवा कोणाच्या फायद्याची आहे, याचा विचार करा.

थांबण्याची किंमत माणसे मोजतात. 2013 मध्ये डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची इमारत कोसळली, 61 माणसे गेली. 2017 मध्ये भेंडीबाजारात 33 गेली. त्याच वर्षी घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली, 17 जण दगावले. तिथे तळमजल्यावर अंतर्गत बदलाचे काम चालू होते. म्हणजे दुरुस्ती न करणे जसे मारते, तशी कोणालाही न विचारता केलेली तोडफोडही मारते. आपल्याच चाळीत कोणी मोरी मोठी करायला भिंत पाडतो, कोणी माळ्यासाठी बीमला छिद्रे पाडतो. त्यालाही अडवण्याची हिंमत आपल्यात हवी, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो.

मग वेळ कोणती? आमच्या मते, इमारत सी-3 किंवा सी-2बी असतानाच. आणि वर्षातली वेळ म्हणाल तर पावसाळा संपताच पाहणी, दिवाळीनंतर तपासणी, जानेवारी ते मे काम. एप्रिलमध्ये गच्ची उखडून जूनमध्ये ताडपत्री शोधणारी चाळ आम्ही पाहिली आहे. तपासणी मालकाच्याच इंजिनिअरवर सोडू नका. भाडेकरूंनी आपला स्वतंत्र अहवाल करावा. दोन अहवालांत तफावत आली, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. एकच अहवाल असेल, तर तोच सत्य ठरतो.

पण सिमेंटच्या आधी कागद. या चाळीत आम्ही भाडेपावत्या तपासल्या, तर निम्म्याहून अधिक पावत्या वारलेल्या आजोबांच्या नावावर. विधवा सुनेचे नाव कुठेच नाही. इमारत रिकामी करताना यादी होते आणि क्षेत्रफळ मोजले जाते, तेव्हा नावाची मारामारी भावाभावांत लागते आणि बाई बाहेर राहते. म्हणून वारसनोंद आत्ताच करा, घरातल्या स्त्रीचे नाव लावा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण हक्क ज्याच्या नावावर आहे तोच तो मागू शकतो. आणि विहार? तो कुणाच्याच पावतीवर नसतो. खोल्यांच्या यादीत तो नसेल, तर नव्या इमारतीतही नसेल. अभ्यासिका आणि विहार करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

शेवटी स्वतःशी हिशेब. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिले. चाळीतल्या खोलीत माणूस काय घडवू शकतो, हे आपल्याला सांगायला नको. जयंतीला आपली चाळ वर्गणी काढते, डीजे आणते, आणि त्यात आमचाही वाटा आहे. चाळीस घरांनी महिन्याला 200 रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाला 96,000 होतात. तपासणीची फी, वकिलाचा सल्ला आणि गच्चीची सुरुवात त्यातून होते. डीजेचा एक दिवस कमी करा, असे म्हटल्यावर आमच्यावर रागावणारे असतील. त्यांनी एकदा त्या आजींच्या गॅलरीत उभे राहून यावे.

त्या चाळीची नोटीस सी-1 ची होती. आता भाडेकरूंचा स्वतंत्र अहवाल तयार होत आहे. तो काय सांगेल, ते आज आम्हाला माहीत नाही. इमारत खरोखर वाचण्यापलीकडे असेल, तर आम्हीच लोकांना बाहेर पडायला सांगू. हक्कासाठी कोणाचा जीव पणाला लावायचा नाही. पण शेजारची चाळ अजून सी-2बी आहे. तिथल्या तरुणांनी येत्या रविवारी बैठक लावली आहे, नोटीस येण्याआधी. तुमच्या चाळीत कधी लावताय?

जय भीम!