टक्क्यांचा हिशोब

देणगी द्यायची म्हटली की आपण आयटीवाले आधी टक्केवारी बघतो. शंभरातले ऑफिसवर किती, कामावर किती? अमेरिकेत तर सोपं आहे. संस्थेचा फॉर्म ९९० उघडा, बड्या साहेबांच्या पगारासकट सगळं दिसतं.

पण तिथल्याच सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनचं बघा. फुफ्फुसं निकामी करणारा हा आनुवंशिक आजार. रुग्ण मुलांच्या आईवडिलांनी १९५५ साली संस्था काढली. पुढे संस्थेने देणग्यांमधले सुमारे १५ कोटी डॉलर व्हर्टेक्स या कंपनीला औषध शोधायला दिले. इतके थोडे रुग्ण असलेल्या आजाराकडे एरवी कुठली कंपनी बघते? २०१२ मध्ये कॅलिडेको बाजारात आलं, आणि २०१४ मध्ये संस्थेने रॉयल्टीचे हक्क तब्बल ३३० कोटी डॉलरला विकले. एवढा परतावा आपल्या कुठल्या म्युच्युअल फंडाने दिलाय?

आता गंमत बघा. त्या औषधाची किंमत होती वर्षाला जवळपास तीन लाख डॉलर! किंमत जास्त तर रॉयल्टी जास्त. मग रुग्णाच्या बाजूने किमतीवर भांडायचं कोणी? ज्यांनी वर्षानुवर्षं चालून-पळून वर्गणी गोळा केली, त्यांनीच ना?

पैसे गुंतवले हे मला चूक वाटत नाही. २०१९ मध्ये आलेलं ट्रायकाफ्टा बहुतेक रुग्णांना चालतं, आणि त्याची मुळं याच पैशात आहेत. पण हा हितसंबंधांचा गुंता टक्केवारीच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून मी आता पगाराच्या पानाआधी विचारतो, औषध निघालं तर किंमत कोण ठरवणार? करारात लिहिलंय का?